खोपोलीचे पाणी, जैतापूरचे व्याज

खालापूर तालुक्यातले खोपोली आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरी ही नावे मुंबईकराला पावसाळी सहलींमुळे ठाऊक असतात. मुंबईच्या कापडगिरण्यांना जलविद्युत मिळू लागली ती मात्र याच गावांमधून. लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडून टर्बाइन फिरवायचे, एवढीच युक्ती. टाटांच्या या योजनेची पायाभरणी १९११ मध्ये झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. नव्या अणुवीज केंद्रांवरचा आर्थिक आक्षेप समजून घ्यायचा, तर खोपोलीची ही चार वर्षे ध्यानात ठेवावीत.

अणुवीज केंद्रात इंधनाचा खर्च थोडा असतो, महाग असते ते बांधकाम. वीज विकली जाऊ लागेपर्यंत कर्जावर व्याज चढत राहते. दहा टक्क्यांनी काढलेला रुपया सव्वासात वर्षांत दुप्पट होतो आणि सतरा वर्षांत पाचपट. सारी रक्कम पहिल्याच दिवशी लागत नाही हे खरे, पण रेंगाळलेला प्रत्येक महिना शेवटी विजेच्या दरात येऊन बसतो.

सतरा हा आकडा हवेतला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉटच्या फ्रेंच अणुभट्ट्या योजल्या आहेत. त्याच जातीच्या अणुभट्टीचे काम फ्रान्समध्ये फ्लामांविल येथे २००७ मध्ये सुरू झाले; ती २०१२ मध्ये पुरी व्हायची होती, पण तिची वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये. ३३० कोटी युरोंचा अंदाज तोवर १,३२० कोटींवर गेला होता. फिनलंडची अशीच अणुभट्टी २००५ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागली. आपल्या देशी अणुभट्ट्या पुष्कळ स्वस्त, पण काक्रापारच्या तिसरीलाही २०१० ते २०२३ इतका काळ लागलाच. तारापूरची १९६९ची स्वस्त वीज दाखवून नव्या केंद्राचा दर सांगणे म्हणजे आजोबांनी घेतलेल्या भावात आज जागा मागणे.

महाग विजेचा करार काय करतो, हे महाराष्ट्राने दाभोळला पाहिले आहे. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनची वीज घेणे थांबवले, वर्षअखेर ती कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि निस्तरायचे काम सार्वजनिक संस्थांवर आले. अणुऊर्जेत तर जोखमीची ही वाटणी कायद्यातच आली. २०१०च्या कायद्याने अपघातानंतर केंद्र चालवणाऱ्याचे दायित्व १,५०० कोटी रुपयांवर बांधले. यंत्रे सदोष निघाली, तर चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करण्याचा हक्क मात्र ठेवला. परदेशी कंपन्यांना नेमके तेच कलम खुपले आणि २०२५च्या अर्थसंकल्पात कायदा बदलण्याचे जाहीर झाले. स्वतःच्या यंत्राची हमी द्यायला विक्रेता कचरत असेल, तर माडबनच्या शेतकऱ्याने आणि साखरीनाट्याच्या मच्छीमाराने ती का मानावी? एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनावर गोळीबार होऊन एकाचा जीव गेला.

जलविद्युत निष्पाप आहे असे मात्र नव्हे. टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांना १९२१ मध्ये सत्याग्रह उभारावा लागला. गावे बुडाली मावळातली, दिवे लागले मुंबईत; जैतापूरचा राजकीय आक्षेप इतका जुना आहे.

‘रात्री सूर्य नसतो, म्हणून अणुवीज हवी’ या म्हणण्याचे एक उत्तर पुन्हा कर्जतमध्येच शोधले जात आहे. दिवसाच्या स्वस्त सौर विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचे. चढवण्यात जेवढी वीज जाते तेवढी परत मिळत नाही, तरी हवी त्या वेळी मिळते. भिवपुरीला असा १,००० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. पुण्याकडच्या शिरवता येथील १,८०० मेगावॉट धरून दोन्हींचा अंदाज सुमारे १३,००० कोटी रुपये. हाही अंदाजच, फुगू शकतो. शिवाय घाटपायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांना कामाआधी विचारले जाईल की नंतर, हा मुळशीचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. पण इथले यंत्र बिघडले, तर दुरुस्त होईपर्यंत वीज थांबते; त्यासाठी नुकसानभरपाईचा वेगळा कायदा संसदेला करावा लागत नाही.