ताटं किती मांडायची?

पावसाळा लागला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी बातमी असते. घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी. गावाचं नाव आणि पुढे चोवीस तासांतला पाऊस, मिलिमीटरमध्ये. खाली संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंत ऊस उभा असतो, त्याचं वर्षभराचं पाणी या आकड्यांवर ठरतं. त्यामुळे रतनवाडी हे नाव ठाऊक असलेली माणसं हजारो आहेत. तिथल्या एखाद्या घरात रात्र काढलेली त्यांतली थोडीच.

मी गेलो तो जुलैचा दुसरा आठवडा होता. शेंडीहून गुहिरे, मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने जातो. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला भातखाचरं आणि मध्ये मिळेल तेवढी वाट. मुक्कामाचं घर सापडेपर्यंत अंधार पडला होता. दारात आलेल्या मावशींनी नाव-गाव विचारलं नाही की आगाऊ पैसे मागितले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "दादा, ताटं किती मांडायची?"

बाहेर रंगवलेली पाटी होती, राहण्याची व जेवणाची सोय. आत मात्र ते घरच होतं. पुढे पडवी, एका अंगाला बांधलेली गाय आणि दोन बैल, मधल्या खोलीत भिंतीला लागून भाताच्या कणग्या. पाहुण्यांसाठी शेजारी पत्र्याची एक लांबट खोली नव्याने काढलेली, तिच्या कोपऱ्यात छताला टेकेल अशी गोधड्यांची आणि सतरंज्यांची चळत. संडास-बाथरूम अंगणापलीकडे, म्हणजे रात्री इरलं किंवा छत्री घेऊनच जायचं. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि बादलीने मिळतं. ओले कपडे चुलीच्या वरच्या दांडीवर टाकायचे. सकाळी ते वाळलेले असतात आणि पुढचे चार दिवस धुराचा वास देतात.

कोणत्याही पर्यटन खात्याने ही सोय आखलेली नाही. ती ट्रेकर मंडळींच्या भुकेतून उभी राहिली. जुने लोक शेंडीहून लाँचने रतनवाडीला उतरायचे, अमृतेश्वराच्या देवळाच्या आधाराने रात्र काढायचे आणि पहाटे रतनगडाच्या वाटेला लागायचे. गडाची वाट दाट झाडीतून जाते, म्हणून गावातला कुणी वाटाड्या सोबत घ्यायचा. संध्याकाळी परतल्यावर त्याच्याच घरी, पिशवीतले तांदूळ-डाळ पुढे करून, तेवढं शिजवून द्याल का, असं विचारायचं. पुढे तांदूळ न्यायची गरज उरली नाही, नंतर पडवीत पथारी पडू लागली. साम्रदजवळची सांधण दरी, दोनेक किलोमीटर लांबीची ती अरुंद घळ, तरुणांमध्ये गाजली आणि शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागू लागली. मोबाइल आल्यावर वाटाड्याचा नंबर एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेला. सरकारी 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिची पाटी काही ठिकाणी दिसतेही. पण या खोऱ्यातल्या बहुतेक घरांचा धंदा अजून तोंडोतोंडी चालतो.

घरं बहुतांश महादेव कोळी समाजाची. यांच्या आज्या-पणज्यांनी धरण बांधताना पाहिलं. काम 1910 साली सुरू झालं, 1926 साली पुरं झालं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. जलाशयाला त्यांच्या आधीचे एक अधिकारी आर्थर हिल यांचं नाव. दगड आणि चुन्यात बांधलेली 270 फूट उंचीची भिंत त्या काळी देशात नावाजली गेली. साठा साधारण 11 टीएमसी. प्रवरा उगम पावते रतनगडावर, गावाजवळून वाहत ती या पाण्याला मिळते आणि तिच्या कालव्यांवर खाली साखर कारखाने उभे राहिले. वरच्या गावांच्या वाट्याला पावसाळी भाताचं एक पीक आलं. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण या डोंगरांतल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंड्यांच्या रांगेत ऐकू येते. म्हणून पाहुण्याने दिलेल्या पैशाला इथे मी फार मोल देतो. या पाण्याने वरच्या घरांना थेट मिळवून दिलेली ती पहिली कमाई आहे.

चूल पेटलेली होती. मावशींनी नागलीचं पीठ काठवटीत घेतलं, ऊन पाणी घातलं आणि तळहाताच्या खालच्या भागाने ते रगडू लागल्या. नागलीला चिकटपणा कमी, त्यामुळे मळण्यात हयगय झाली की भाकर कडेला चिरते. गोळा थापून त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलली, तव्यावर टाकली आणि वरून बोटांनी पाणी फिरवलं. पाणी सुकताच उलटली. मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्या आधाराने ती उभी केली. क्षणात पापुद्रा टम्म फुगला. गप्पा थांबवाव्या लागत नव्हत्या, डोळे मात्र भाकरीवरून हलत नव्हते. सोबत कुर्डूची भाजी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि घरच्या इंद्रायणीचा मऊ, वासाचा भात. अकोले तालुक्यात काळभात, जिरवेल अशी जुनी वाणंही आहेत. आपल्या खाचरातलं एखादं जुनं वाण मावशी बियाण्यापुरतं धरून आहेत. पाहुण्यांच्या ताटात ते पुरणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या दिवशी त्यांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. सकाळी सातला चिखलात उतरलेली बाई संध्याकाळी सहाला घरी आली होती आणि त्यानंतर आमचा स्वयंपाक. शहरातून येणाऱ्या आम्हा लोकांच्या हे ध्यानातच येत नाही. आपल्याला धबधबे पाहायचे असतात जुलै-ऑगस्टात, आणि नेमकी तेव्हाच या घरांची वर्षाची शेती उभी राहते. दाढेतलं रोप वेळेवर उपटून लावलं नाही तर वर्षाचा भात गेला. रविवारी तीस माणसं जेवायला असली की घरातली एक बाई आवणीतून कमी होते, तिच्या जागी मजूर लावावा लागतो. पाहुण्यांचे पैसे आणि मजुरी यांचा हिशेब मावशींचा मुलगा पडवीत बसून वहीत मांडत होता. तो मला म्हणाला, "आवणीत पाव्हणे कमी आले तरी चालतील. दिवाळीनंतर यायला पाहिजेत."

काजवे पाहायला येणाऱ्यांचंही तसंच. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिला मोठा पाऊस येईपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं रात्री लुकलुकतात. नर मादीला खूण म्हणून चमकतो. मादी बऱ्याचदा खाली गवतात असते. गाडीचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि गवत तुडवणारे बूट, तिन्ही तिला मारक. हा सारा टापू 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि त्या दिवसांत वनखातं गाड्यांवर, वेळेवर निर्बंध घालतं. ते घातलेच पाहिजेत. घरात मुक्काम करणाऱ्याला तसं गाडीतून फिरावंच लागत नाही. जेवण झाल्यावर दिवा मालवून ओट्यावर बसलं की समोरच्या झाडावर काजवे दिसतात.

त्याच्या दोन वर्षं आधी मी याच जलाशयाच्या काठावर तंबूत राहिलो होतो. तंबूंच्या मालकाने जागा गावकऱ्याकडून भाड्याने घेतली होती, जेवण बाहेरून डब्यांत आलं होतं आणि ध्वनिवर्धक रात्री दोनपर्यंत वाजत होता. ज्याची जमीन, तो गावकरी सकाळी बाटल्या वेचत होता. सगळे तंबू तसे नसतात, गावातल्या पोरांनी स्वतः लावलेले नीटनेटके तंबूही पाहिले आहेत. तरी माझं मत पक्कं आहे. पाहुणा घरात राहिला तर पैसा घरात राहतो आणि रात्र शांत राहते, कारण शेजारच्या खोलीत कुणाची तरी म्हातारी आई झोपलेली असते.

पहाटे पाऊस थोडा उघडला. देवळात गेलो. अमृतेश्वर शिलाहारांच्या काळचं, हजारेक वर्षं जुनं कोरीव मंदिर. भर पावसात त्याच्या गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. परत आलो तेव्हा मावशी खाचराकडे निघाल्या होत्या. चहा झाकून ठेवला होता, पोहे सुनेने केले. दोन जेवणं, चहा-नाश्ता आणि मुक्कामाचे माणशी सातशे रुपये झाले. थोडे जास्त देऊ केले तर घरच्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी निघताना आदल्या महिन्यातली एक गोष्ट सांगितली. एका गटाने बावीस माणसांचं जेवण सांगितलं होतं. आले नऊ. उरलेल्या तेरा माणसांचा भात गुरांना घालावा लागला. फोन लावला तर कुणी उचलला नाही.

तेव्हा भंडारदऱ्याला जाणार असाल तर एक रात्र या घरांत राहा, जमलं तर शनिवार-रविवार सोडून, आणि शक्यतो दिवाळीनंतर. आदल्या दिवशी फोन करा. किती माणसं जेवणार ते नेमकं सांगा आणि आकडा बदलला तर लगेच कळवा. तिथे भात माणसं मोजून शिजतो.