वल्हं, गळ आणि तब्येत

गळ टाकून बसलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच समज असतात: एक तर त्याला काही काम नाही, नाहीतर घरी कालवणाला मासे हवेत. तोच माणूस जेटी सोडून तीन-साडेतीन मीटरच्या कयाकमध्ये बसला आणि स्वतः वल्हं मारत खाडीत शिरला, की लोक म्हणतात, जिवावर उदार झालाय.

कयाक मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची. लाकूड-हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बांधत आणि तिच्यातून शिकार करत. आज गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, वापरतात ती वरून उघडी कयाक 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आकाराला आली आणि पुढे तिच्यातून मासे धरण्याचा छंद जगभर पोचला. देवबाग-तारकर्लीला कर्ली नदीवर किंवा गोव्यात साळ नदीवर कयाक आता नवलाईची राहिलेली नाही, आणि गरवण्याचा नाद तर किनाऱ्याला पिढीजात आहे. या दोन्हींच्या जोडीतून शरीराला आणि मनाला काय मिळतं, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच फार. कुणी याला आळस म्हणतं, कुणी सगळ्या दुखण्यांवरचा उतारा. दोन्ही खरं नाही.

"बसून तर असतात, त्यात कसला व्यायाम?"

शरीराचे कष्ट मोजायला 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च 1 मेट धरतात. होडीत बसून नुसता गळ धरला तर तो साधारण 2 होतो. भरभर चालताना 4 च्या थोडा वर जातो आणि मध्यम गतीने कयाक वल्हवताना 5 च्या आसपास. म्हणजे 60 किलो वजनाचा माणूस तासभर वल्हवतो तेव्हा सुमारे 300 कॅलरी खर्चतो, आणि तासभर गळ धरून बसतो तेव्हा 120.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. नुसत्या बसण्याला व्यायाम न म्हणणारे बरोबर आहेत. पण खडकाच्या कपारीत तांबोशी असेल तिथवर जाणं, प्रवाहात जागा धरून राहणं आणि दिवस मावळायच्या आत परत येणं, हे सगळं स्वतःच्या ताकदीवर करायचं असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रविवारी तासभर जाणं आणि तासभर येणं झालं, तर त्यातली 120 मिनिटं तिथेच भरतात. मागे मोटर लावली, की हा हिशेब संपला. मग उरतो तो छंद, व्यायाम नव्हे.

"दंड भरून आले म्हणजे व्यायाम लागू पडला"

हा समज सर्रास आढळतो आणि खांदे यानेच बिघडतात. नवखा माणूस वल्हं हातांनी ओढतो. कोपर वाकवून पातं छातीकडे खेचतो आणि अर्ध्या तासात त्याचे दंड भरून येतात. जाणत्याचं वल्हवणं नीट पाहा. उजवं पातं पावलाजवळ पाण्यात शिरतं तेव्हा त्याचा उजवा खांदा पुढे गेलेला असतो, धड डावीकडे वळलेलं असतं. मग उजवा पाय कयाकमधल्या पायटेकूवर रेटतो, कंबर वळते, धड उलगडतं आणि पातं कमरेशी येताच बाहेर निघतं. तेवढ्यात डावीकडची तयारी झालेली असते. हात जवळजवळ सरळच राहतात, ते फक्त जोर पोचवतात. जोर येतो तो पाय, पोट, पाठ आणि बरगड्यांखालच्या तिरक्या स्नायूंतून. बैठ्या नोकरीत नेमके हेच स्नायू झोपलेले असतात, म्हणून मला हा व्यायाम मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी कुशी आणि पाठ हलकीशी दुखत असतील तर पद्धत बरोबर आहे. खांद्याचा सांधा किंवा मनगट दुखत असेल तर चुकते आहे. तिथे जोर वाढवू नका, पद्धत बदला. वल्हं घट्ट आवळू नये आणि हात खांद्यापेक्षा उंच नेऊ नयेत.

पाठीचं म्हणाल, तर ती बरेचदा पाण्याबाहेरच धरते. गरवायच्या कयाकचं वजन 30 ते 45 किलो असतं. ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवताना किंवा चिखलातून ओढताना कंबर धरते. चाकांची छोटी गाडी घ्या किंवा दुसरा माणूस बोलवा. पाय पुढे पसरून तासन्‌तास बसल्यानेही मांड्यांच्या मागच्या शिरा आखडतात आणि त्यांची ओढ कमरेवर येते. अधूनमधून किनाऱ्याला लागून दोन मिनिटं उभं राहिलं, तरी बराच फरक पडतो.

"ऑपरेशननंतर हाताला असले कष्ट द्यायचे नसतात"

या गैरसमजाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करताना काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या, तर पुढे हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून कित्येक वर्षं अशा स्त्रियांना जड उचलू नका, हाताने पुन्हापुन्हा जोराचं काम करू नका, असंच सांगितलं जाई. कॅनडात व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांना हे पटत नव्हतं. 1996 मध्ये त्यांनी या आजारातून उठलेल्या 24 स्त्रियांना आधी व्यायामाने तयार केलं आणि मग ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. ही कयाक नव्हे. एका पात्याच्या वल्ह्याने अनेकांनी मिळून चालवायची ती लांब होडी आहे. पण हात आणि खांद्याची पुन्हापुन्हा होणारी जोरकस हालचाल तिथेही असतेच. त्या स्त्रियांच्या हातांना सूज आली नाही, उलट ताकद आणि उमेद वाढली. आज जगात अनेक देशांत अशा स्त्रियांचे वल्हवणारे संघ आहेत.

त्याच 1996 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था सुरू झाली. ती याच आजारातल्या स्त्रियांना गळ फेकायला शिकवते, कारण दोरी फेकताना खांदा आणि हात हळुवार मोकळे होतात, आणि सोबतीला समदुःखी मैत्रिणी मिळतात. यावरून उद्याच कुणी उठून वल्हं हातात घ्यावं, असं नाही. मॅकेन्झींनीही आधी तयारी करून घेतली होती. आपल्या डॉक्टरांना विचारून, हलक्या व्यायामापासून चढत जायचं. पण 'आता कायमचं जपून' हा सल्ला सरसकट खरा नाही, एवढं त्यातून कळतं.

"पाण्यावर गेलं की टेन्शन आपोआप जातं"

इथे गैरसमज उलट बाजूचा आहे, अति आशेचा. पाण्याजवळ बरं वाटतं, हे खरंच आहे. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवर एक्सेटर विद्यापीठाच्या मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ही वेळ एकदम काढली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. मात्र यातून निसर्गामुळेच तब्येत सुधारली, हे सिद्ध होत नाही. बरी तब्येत असणारेच जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं.

कारणांपैकी मला सगळ्यात पटतं ते रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. कामात, मोबाइलमध्ये, रहदारीत आपण लक्ष ओढून-ताणून धरतो आणि ते थकतं. निसर्गात लक्ष आपसूक गुंततं, म्हणून थकलेल्या भागाला उसंत मिळते. गरवताना हे जाणवतं. तर्जनीवर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, टेकलेला असतो. आधी नुसता पाण्याचा थरथराट येतो. मग कोळंबी कुरतडणाऱ्या लहान माशांचे टुकटुक असे दोन-तीन टोले. आणि मग एक सलग, जड ओढ. त्या बोटाकडे लक्ष असताना मनात हप्त्याचा विचार टिकत नाही. तो दाबावा लागत नाही, त्याला जागाच उरत नाही. मासा लागो न लागो, हे मिळतंच. म्हणून 'रिकाम्या हाताने आला, दिवस फुकट गेला' हा हिशेबही चुकीचाच.

एकटेपणाचं मात्र उगीच कौतुक होतं. 2007 पासून अमेरिकेत 'हीरोज ऑन द वॉटर' ही संस्था माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मोफत कयाकमधून मासेमारीला नेते. युद्धाचे आघात मनावर घेऊन आलेल्यांना तिथे पाण्याइतकाच सोबतीचा आधार मिळतो. हे उपचाराला जोड म्हणून, उपचाराऐवजी नव्हे. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर गळ नंतर, आधी डॉक्टर. केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे.

"ऊन चांगलंच की, ड जीवनसत्त्व मिळतं"

त्यासाठी थोडं ऊन पुरतं, दिवसभराचं नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच. वर्षानुवर्षं अशा उन्हात राहिल्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढतं, ते दर्यावर्दी लोकांत जास्त दिसतं. रुंद टोपी, लांब बाह्या, चांगला गॉगल आणि माणशी तासाला निदान अर्धा लिटर पाणी, एवढं हवंच.

"पोहता येतं, मग जॅकेट कशाला?"

गरवायची कयाक सहसा 75 ते 100 सेंटीमीटर रुंद असते, ती सहजी उलटत नाही. भीती कयाकपेक्षा खाडीची बाळगावी. मुंबईजवळ उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या पुढे जातं. चिंचोळ्या मुखाशी ओहोटीची ओढ तुमच्या वल्हवण्याइतकीच, म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटर होऊ शकते. मग जीव तोडून वल्हवूनही तुम्ही जागच्या जागी. दुपारी वारा सुटला की त्यात भर. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला, सांगलीकडे कृष्णेत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय उतरू नये. शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी तर हयगय करूच नये.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत, हौशी नौकाविहारात बुडून मेलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्यांतल्या कित्येकांना पोहता येत असणार. तिथल्या जीवघेण्या अपघातांत दारू हे सगळ्यात जास्त नोंदलेलं कारण आहे, हेही आपल्या सहलीवाल्यांनी लक्षात घ्यावं.

तेव्हा यंदा पावसाळा सरल्यावर कयाक घेणार असाल, तर पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा. छातीभर पाण्यात, जाणत्या माणसासमोर, जॅकेट घालून कयाक मुद्दाम उलटवा आणि पुन्हा वर चढा. न थांबता चार-पाच वेळा जमलं, की मग गरवायला जा. पण भरतीचं वेळापत्रक पाहून, आणि सोबत एक तरी दुसरी कयाक घेऊन.