तयार अन्न आणि भुकेची फसगत

घरांतील एखादें मूल बिस्किटांचा अख्खा पुडा बघतां बघतां संपवितें आणि तासाभरानें पुन्हां स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभें राहतें. आपण त्यास हावरट म्हणतों. हा दोष खरोखर मुलाचा कीं पुड्यांतील पदार्थाचा, हा प्रश्न मला आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

अन्नाची वर्गवारी त्यांतील पोषक द्रव्यांवरून न करतां त्यावर कोणत्या क्रिया झाल्या आहेत यावरून करावी, असा विचार ब्राझीलमधील साव पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनीं २००९ सालीं मांडला. त्यांतील शेवटच्या वर्गास ‘अतिप्रक्रियित अन्न’ म्हणतात. डाळ शिजविणें किंवा दूध विरजणें या क्रिया त्यांत मोडत नाहींत. धान्यांतून पिष्ट, प्रथिनें, तेल वगैरे वेगवेगळीं काढून, त्यांत साखर, रंग, सुगंध व मिश्रण एकजीव ठेवणारीं द्रव्यें घालून कारखान्यांत जो नवाच पदार्थ घडवितात, तो या वर्गांतला. पुड्यांतील बिस्किटें, झटपट शेवया, फसफसणारीं गोड पेयें हीं त्याचीं परिचित उदाहरणें होत.

पण अपाय साखर-तेलानें होतो कीं या घडणीनें? याचा निवाडा करण्यासाठीं अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग केला. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दहा पुरुष व दहा स्त्रिया अशीं वीस माणसें चार आठवडे संस्थेच्या रुग्णालयांतच राहिलीं. त्यांस दोन आठवडे अतिप्रक्रियित व दोन आठवडे साधा आहार मिळाला. ताटांत वाढलेले उष्मांक, ज्यांस आपण कॅलरी म्हणतों ते, तसेंच साखर, मेद, मीठ व चोथा हे दोन्हीकडे जुळवून ठेवले होते. वाढणी गरजेच्या दुप्पट, आणि सूचना एवढीच कीं, हवें तितकें खावें.

अतिप्रक्रियित आहारावर असतां या मंडळींनीं सरासरीनें रोज ५०८ उष्मांक अधिक घेतले. म्हणजे जवळजवळ चार-पांच पोळ्या! दोन आठवड्यांत वजन ०.९ किलो वाढलें, आणि साध्या आहारावर तितकेंच उतरलें. यांतील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रुचीविषयीं विचारलें असतां दोन्ही आहार सारखेच आवडल्याचें त्यांनीं सांगितलें. तेव्हां केवळ जिभेच्या चोचल्यांवर दोष ढकलून भागणार नाहीं.

मग अधिक खाल्लें गेलें कसें? एक तर तें भराभर खाल्लें गेलें: मिनिटागणिक सुमारें १७ उष्मांक अधिक. मऊ पदार्थ चावावा लागत नाहीं, आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोंचण्यापूर्वीच ताट रिकामें होतें. साध्या आहारावर भूक चेतविणारें ग्रेलिन रक्तांत घटलें व तृप्ति देणारें पी. वाय. वाय. वाढलें, असेंही दिसून आलें. शिवाय चोथ्याचा हिशेब जुळविण्यासाठीं तो पेयांत विरघळवून द्यावा लागला होता. त्यामुळें घन पदार्थांच्या प्रत्येक घासांत उष्मांकांची दाटी राहिली. हा एक महिन्याचा व वीसच माणसांचा प्रयोग; त्यावरून सगळेंच सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं.

पण चावण्याचें महत्त्व त्यापूर्वींच दिसलें होतें. १९७७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दहा माणसांस सफरचंदें, सफरचंदांचा लगदा व रस असे तीन प्रकार दिले. रस अख्ख्या फळांहून अकरापट वेगानें पिऊन संपला. पुढें तिन्ही प्रकार सारख्याच वेगानें घ्यावयास लावले, तरीही रसानें लगद्याहून कमी, व लगद्यानें फळाहून कमी समाधान झालें. फळ तेंच, साखर तीच. मोडली ती केवळ त्याची घडण.

आतां गृहिणींच्या बाजूनें एक गोष्ट सांगणें भाग आहे. बेथेस्डाच्या प्रयोगांत रोजच्या २००० उष्मांकांच्या हिशेबानें साध्या आहाराच्या सामग्रीस आठवड्यास सुमारें १५१ डॉलर पडले, अतिप्रक्रियित आहारास १०६. आणि निवडण्या-शिजविण्याचे श्रम या आंकड्यांत धरलेले नाहींत. आपल्याकडे फुटाणे किंवा पेरू कांहीं बिस्किटांच्या पुड्याहून फार महाग नसतात. पण दुपारीं शाळेंतून आलेल्या मुलाच्या हातीं ते द्यावयास घरांत कोणी तरी असावें लागतें, आणि पुडा तें स्वतःच उघडूं शकतें.