कर किमतीवर, धूर फुकट

बेंगळुरूत एचएसआर लेआउटच्या 27व्या मेन रोडवर कर्नाटकाच्या केए नंबर प्लेटांमध्ये एमएच-12 आणि एमएच-14 हमखास दिसतात. नोकरीसाठी पुण्याकडून आलेल्या कुटुंबांच्या या गाड्या. वर्षभराहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथे नव्याने करावी लागते. म्हणजे पुण्याच्या आरटीओची एनओसी, कर्नाटकाचा लाइफ टॅक्स आणि मग महाराष्ट्राकडे परताव्यासाठी अर्ज. या धावपळीबद्दल सगळेच बोलतात. पण हा कर नेमका कशावर लागतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

कर्नाटकात तो लागतो किमतीवर. 10 ते 20 लाखांच्या गाडीला 17 टक्के, शिवाय उपकर. 15 लाखांची गाडी पेट्रोलची असो वा डिझेलची, मूळ कर 2 लाख 55 हजारच. महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला 12 आणि डिझेलला 14 टक्के पडतात. राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणाऱ्या, 2021मध्ये आलेल्या बीएच नंबर मालिकेतही डिझेलला 2 टक्के जास्त, विजेच्या गाडीला 2 टक्के कमी. धुराची दखल घेणारी पद्धत आपल्याच देशात आहे, कर्नाटकाने ती उचललेली नाही. उलट, 2025च्या दरवाढीनंतरही कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर 21.17 टक्के होता आणि पेट्रोलवरचा 29.84. ट्रक, बस आणि शेतकऱ्यांसाठी दिलेली ही सवलत आलिशान डिझेल एसयूव्हीच्या टाकीतही जाते. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

मग धुरावरच कर लावावा का? लावावा, पण कोणत्या धुरावर, हे आधी ठरवावं लागेल. कार्बन डायऑक्साइड हवामान बिघडवतो. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सिल्क बोर्डच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या छातीत जातात. ब्रिटनने 2001पासून नव्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडशी जोडला. डिझेल गाडी हा वायू किलोमीटरमागे कमी सोडते, म्हणून लोक डिझेलकडे वळले आणि शहरांच्या हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं साचली. 2015मध्ये डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली, तेव्हा प्रयोगशाळेतले आकडे रस्त्यावर किती खोटे ठरतात तेही कळलं.

पीयूसीच्या, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीच्या, आकड्यावर कर बसवायचा म्हटलं, तर तेही जमणार नाही. पेट्रोल पंपावरच्या केंद्रात नळी सायलेन्सरमध्ये घालतात. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराची दाटी पाहतात आणि कागद छापून देतात. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत.

जुन्या गाडीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. महाराष्ट्राने 2010मध्ये 15 वर्षांवरील खासगी गाड्यांना पर्यावरण कर लावला. पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला 3000 आणि डिझेलला 3500 रुपये. वयावरून धूर ओळखणं अगदीच चुकीचं नाही. बीएस-3 या जुन्या धूर-मानकाच्या डिझेल कारला किलोमीटरमागे 50 मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, 2020पासूनच्या बीएस-6मध्ये ती 4.5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे कागदावरच्या मर्यादेनुसार जुनी गाडी 3 हजार किलोमीटर धावली, तर नवी 33 हजार धावल्याइतकी काजळी सोडते. पण जुनी गाडी चालवणारा बहुधा नवी घेण्याची ऐपत नसलेला असतो, तेव्हा त्याला दंडासारखा कर लावताना हात आखडायलाच हवा. मात्र कार्बन डायऑक्साइडचं गणित वयावर नाही, जळालेल्या इंधनावर चालतं. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो, डिझेलमागे 2.7 किलो. एचएसआरहून रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी नवी एसयूव्ही आणि आठवड्यातून एकदा आगरा तलावापर्यंत निघणारी गाडी यांचा लाइफ टॅक्स मात्र नोंदणीच्या दिवशी एकदाच चुकता होतो. पुढे कोण किती धावलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

विजेच्या गाड्यांनाही सरसकट माफी नको. त्याही रस्ता अडवतात. 2024मध्ये कर्नाटकाने 25 लाखांवरील विजेच्या गाड्यांना 10 टक्के कर लावला, ते योग्यच झालं. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने 30 लाखांवरील गाड्यांसाठी 6 टक्के सुचवले आणि मागे घेतले, हे मात्र पटलं नाही.

कर्नाटक सरकारने पहिलं पाऊल म्हणून खासगी डिझेल गाड्यांचा लाइफ टॅक्स पेट्रोल गाड्यांपेक्षा वाढवावा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी चाचणी लागत नाही. इंधन कोणतं, हे आरसीवर छापलेलंच असतं.