पगाराची तारीख

२०२० सालच्या जून महिन्यातील गोष्ट. इंदूरच्या एका लहानशा संस्थेचा मी त्या वेळी खजिनदार होतो. बाहेरगावाहून येणाऱ्या मराठी मंडळींना मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन यांची माहिती द्यावी, उतरण्याची सोय सांगावी, पुरेशी माणसे जमली की बस ठरवून द्यावी आणि या साऱ्यात नफा घेऊ नये, एवढेच या संस्थेचे काम. कचेरी एका खोलीची. खोलीत एक टेबल, दोन कपाटे, एक टेलिफोन आणि सतरा वर्षे त्या टेबलाशी बसलेले आमचे कारकून. टाळेबंदीमुळे मार्चअखेर प्रवासी येणे थांबले. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा पगार आम्ही दिला. जूनमध्ये कार्यकारी मंडळाची बैठक टेलिफोनवरच झाली आणि ‘परिस्थिती निवळली की बोलावू’ असा निरोप त्यांना द्यावा, असे ठरले. निरोप मीच दिला. ते म्हणाले, “बरं, साहेब.” किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, एवढेच त्यांनी विचारले.

संस्थेकडे पैसे नव्हते असे नाही. इमारत निधीची मुदत ठेव बँकेत होती. पण तिला हात लावायचा तर ठराव हवा. आणि घरी बसलेल्या नोकराला पगार द्यायचा तर तो किती महिने व कोणत्या नियमाने, हे कोठेच लिहिलेले नव्हते. सतरा वर्षांत आम्ही त्यांना नेमणुकीचे पत्रसुद्धा दिले नव्हते. ते घरातलेच आहेत, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. घरातल्या माणसाला पत्र कशाला, असाही त्याचा अर्थ होत होता, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

या प्रसंगाकडे हिशेबाच्या नजरेने पाहण्याची बुद्धी मला झाली ती तीन वर्षांनी, आणि तीही सातासमुद्रापलीकडे. २०२३ च्या वसंत ऋतूत आम्ही उभयता टेक्सासमध्ये मुलीकडे राहावयास गेलो होतो. मार्च-एप्रिलमध्ये तेथील टेकड्यांच्या मुलखात निळ्या रानफुलांचे गालिचे पसरतात आणि ते पाहण्यास मोटारींची रीघ लागते. अशाच एका चिमुकल्या गावी आम्ही प्रवाशांच्या माहिती-कचेरीत शिरलो. दगडी घर, मेजावर नकाशांची चळत, एक वयस्क स्वयंसेविका आणि एक पगारी मदतनीस. नकाशाची किंमत विचारली, तर काही नाही! आयुष्य कीर्द-खतावणीत गेलेल्या माणसाला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. ‘मग या दिव्याचे तेल कोण घालते?’ हा प्रश्न मी संचालिकाबाईंना विचारला, आणि त्यांनी न कंटाळता अंदाजपत्रकच पुढे ठेवले. तेथे अशा करमुक्त संस्थेला केंद्रीय आयकर खात्याकडे दरसाल विवरणपत्र भरावे लागते आणि ते मागेल त्याला दाखवावेही लागते. लागोपाठ तीन वर्षे ते भरले नाही, तर करमाफी आपोआप रद्द होते. मुलीचे घर तासाभराच्या अंतरावर होते. त्यामुळे पुढे मी तेथे आणखी तीनदा जाऊन आलो.

खोलीवरचा कर

अमेरिकेतील या प्रकारच्या संस्थांचा उगम डेट्रॉइट शहरातला. आपल्या गावी परिषदा आणि पाहुणे यावेत यासाठी गावाने संघटितपणे खटपट करावी, अशी कल्पना एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून मांडली आणि १८९६ साली तेथील व्यापाऱ्यांनी पहिली संस्था उभारली. आज लहान लहान गावांतही अशा कचेऱ्या आहेत. त्यांपैकी पुष्कळशा कायद्याच्या दृष्टीने धर्मादाय नसून व्यापारी संघाच्या वर्गात मोडतात. त्या नफा वाटून घेत नाहीत. पण त्यांना दिलेल्या देणगीवर दात्याला धर्मादाय म्हणून करसवलतही मिळत नाही. त्यामुळे देणग्यांचा भरवसा थोडा. मुख्य आधार हॉटेलच्या खोलीवरील कराचा.

टेक्सासमध्ये खोलीचे भाडे शंभर डॉलर असेल, तर राज्याचा कर सहा डॉलर आणि त्यावर गावाचा साधारणतः सात डॉलरपर्यंत. हॉटेलवाला तो पाहुण्याकडून घेतो, गावाच्या खजिन्यात भरतो आणि गाव करार करून त्यातला हिस्सा माहिती-कचेरीला देते. या पैशावर कायद्याची नजर कडक आहे. तो प्रवासी आणि हॉटेलधंदा वाढविण्याच्या कामीच खर्चावा लागतो. कचेरीचे वार्षिक अंदाजपत्रक नगरमंडळाने आधी लेखी मंजूर करावे लागते, निदान तिमाहीस एकदा अहवाल द्यावा लागतो, आणि ही रक्कम दुसऱ्या कोणत्याही पैशात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. अंदाजपत्रक मंजूर झाले की त्या पैशापुरती संस्था विश्वस्त ठरते.

आता यातली मेख पाहा. फुले पाहायला येणारा पाहुणा एप्रिलमध्ये येतो. त्याला बोलावणारी जाहिरात हिवाळ्यातच द्यावी लागते. आणि त्याने दिलेला कर हॉटेल व गाव यांच्या हातून फिरत फिरत कचेरीला पोचेपर्यंत उन्हाळा उजाडतो. पेरणी आधी आणि पीक फार उशिरा, असा हा व्यवहार. पगार मात्र थांबत नाही. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे ताशी वेतनाच्या साध्या नोकराला महिन्यातून निदान दोनदा पगार मिळालाच पाहिजे. उत्पन्न हंगामी, पगार बारमाही. लहान पर्यटन-संस्थेच्या अंदाजपत्रकातील सारी कुतरओढ या चार शब्दांत आहे.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. समजा, कचेरीचे वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलर आहे. त्यातले एक लाख पगार, भाडे, वीज, विमा अशा ठाम खर्चाचे आणि एक लाख जाहिरातीचे. एखाद्या वर्षी उत्पन्न शेकडा वीस घटले, तर हाती येतात एक लाख साठ हजार. ठाम खर्च हलत नाही. जाहिरातीला उरतात साठ हजार. म्हणजे उत्पन्नात वीस टक्क्यांची घट आणि जाहिरातीत चाळीस टक्क्यांची! जाहिरात कापावी तर पुढल्या वर्षी पाहुणे कमी येणार. माणूस कापावा तर आलेल्या पाहुण्याला दार बंद दिसणार. म्हणून शहाणी संस्था अंदाजपत्रक मागच्या भरभराटीच्या वर्षावर न बेतता त्याहून खालच्या आकड्यावर बेतते आणि तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी राखते. ‘गंगाजळी’ हा आपला शब्द मी बाईंना समजावून सांगितला, तेव्हा त्यांना तो फार आवडला.

एका माणसाच्या दोन खुर्च्या

लहान गावात माहिती-कचेरी आणि व्यापारी मंडळ पुष्कळदा एकाच छपराखाली नांदतात. मदतनीस सकाळी प्रवाशांना नकाशे देते आणि दुपारी व्यापारी मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या लिहिते. कायदा म्हणतो, पगार आणि कचेरीखर्च यांचा जेवढा भाग प्रवासी-कार्यात खरोखर खर्च झाला, तेवढाच खोलीच्या करातून घ्यावा. मग किती तास कोणत्या खुर्चीत गेले, याची नोंद हवी. ही तासांची वही पाहून मला प्रथम तो अविश्वास वाटला. पुढे ध्यानात आले की ती वही नोकराचीच ढाल आहे. उद्या गावाने हिशेब विचारला, तर ‘हिचा पगार आम्ही का द्यावा?’ याचे उत्तर तीच देणार.

दुसरा तंटा रविवारच्या जत्रेचा. पर्यटनाचे काम म्हणजे सारे जग सुट्टीवर असताना करावयाचे काम. तेथील १९३८ च्या कायद्याप्रमाणे साध्या नोकराने आठवड्यात चाळीस तासांहून अधिक काम केले, तर वरच्या प्रत्येक तासाला दीडपट वेतन द्यावे लागते. ‘पुढल्या महिन्यात दोन दिवस रजा घे’ असे सांगून ते चुकविता येत नाही. ती मुभा सरकारी कचेऱ्यांना आहे, खाजगी संस्थेला नाही, मग ती नफा न घेणारी का असेना. त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी देऊन तास चाळीसच्या आत ठेवता येतात, एवढेच. ‘रविवारी स्वयंसेविका म्हणून ये’ असेही म्हणता येत नाही, कारण जे काम पगारावर करावयाचे, तेच आपल्या मालकासाठी फुकट करण्याची पगारी नोकराला परवानगी नाही. हे ऐकताना मला आमचे कारकून आठवत होते. दिवाळीच्या सहलीत तीन तीन दिवस ते बसबरोबर जात आणि आम्ही समारोपात त्यांना नारळ देत असू.

तिसरा नियम भेटीगाठींचा. ‘येथे चांगले हॉटेल कोणते?’ हा प्रश्न त्या मेजावर दिवसातून वीसदा येतो. ज्याने परवा आपल्याला फुकट जेवू घातले, त्याचे नाव अशा वेळी तोंडात लवकर येते. म्हणून मदतनिसाने भेट स्वीकारू नये, आणि कोणाचीही शिफारस न करता यादी साऱ्यांना सारखी द्यावी, असे तेथे लिहून ठेवले आहे. मंडळावर हॉटेलवाले आणि खाणावळवाले असतातच. त्यांनी आपल्या धंद्याचा विषय निघाला की मतदानापासून दूर राहावे, हेही लिहिलेले. हितसंबंधांविषयी लेखी धोरण आहे काय, हा प्रश्न आयकराच्या मोठ्या विवरणपत्रात विचारलेलाच असतो.

दोन माणसांच्या कचेरीत तिजोरी राखणार कोण? युक्ती साधी आहे. चेक लिहिणाऱ्याने बँकेचा हिशेब जुळवू नये. बँकेचे पत्रक न फोडता मंडळाच्या खजिनदाराकडे जावे. आणि एक गोष्ट बाईंनी बोट उंचावून सांगितली. पगारातून कापलेला कर हा सरकारचा. तो आपल्याकडे केवळ ठेव म्हणून असतो. छापखान्याचे बिल थकले म्हणून त्यात हात घातला, तर ज्याच्या हाती पैशाचा निर्णय होता, त्याच्या खिशातूनही ती वसुली होऊ शकते.

तेथील २०२०

यावरून तेथील कायदा नोकराचा मायबाप आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. टेक्सासमध्ये सामान्यतः मालक कारण न सांगता नोकराला काढू शकतो. आजारपणात किंवा बाळंतपणात बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देणारा १९९३ चा कायदा आहे, पण तो खाजगी क्षेत्रात पन्नास किंवा त्याहून अधिक नोकर असतील तेथेच. दोघांच्या कचेरीला तो लागू नाही. आणि २०२० साली खोल्या ओस पडल्या, तेव्हा त्या वर्षीच्या मार्चमध्ये पगारासाठी निघालेल्या सरकारी कर्जयोजनेत व्यापारी संघाच्या वर्गातील संस्था बसत नव्हत्या. त्यांना दार उघडले ते डिसेंबरच्या शेवटी, तेही अटींवर.

“मग मधल्या नऊ महिन्यांत तुम्ही काय केलेत?” मी विचारले. बाईंनी कपाटातून एक पातळशी नियमावली काढली. उत्पन्न घटल्यास काय व कोणत्या क्रमाने कापावे, हे तीत आधीच लिहिलेले होते: प्रथम जाहिरात, मग प्रवासखर्च, मग संचालिकेचा पगार, मग साऱ्यांचे तास, आणि माणूस सर्वांत शेवटी, तोही लेखी सूचनेने. त्या क्रमाने त्या वर्षी तासांपर्यंत वेळ आली. गंगाजळी जवळजवळ आटली. पण माणसापर्यंत वेळ आली नाही. “हा क्रम सुखाच्या दिवसांत लिहिलेला होता,” त्या म्हणाल्या. “संकटात लिहावयास बसलो असतो, तर ज्याचा आवाज सर्वांत लहान, त्याचेच नाव पहिले आले असते.”

मी काही बोललो नाही. आमच्या यादीत पहिले नाव कोणाचे आले होते, ते मला ठाऊक होते.

इंदुरास परतल्यावर मी दोन पानांचा मसुदा केला. नेमणुकीचे पत्र, कामाचे तास, सहलीवरील दिवसांचा वेगळा भत्ता, रजा, आजारपण, सेवा संपल्यास द्यावयाची रक्कम, पैसे घटल्यास काटछाटीचा क्रम. आणि दर शंभर रुपये जमेतून पाच रुपये वेगळ्या खात्यात, त्याचे नाव ‘वेतन गंगाजळी’. बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “अहो, एका माणसासाठी नियमावली?” मी म्हटले, “एकच माणूस असतो तेथेच ती अधिक हवी. दहा जण असले तर ते एकमेकांना विचारतात. एकट्याने कोणाला विचारावे?” वाद पुष्कळ झाला. शेवटी २०२४ च्या वार्षिक सभेत मसुदा मंजूर झाला, आणि कारकुनांना २०२० मधील तीन महिन्यांचा पगार द्यावा, असाही ठराव झाला.

चेक घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. ते आता पुतण्याच्या कागदाच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी चहा दिला, कागद घेतला आणि पावती स्वतःच लिहिली: तारीख, रक्कम, अक्षरी रक्कम, खाली महसुली तिकीट आणि त्यावर सही. सतरा वर्षे त्यांनी संस्थेच्या पावत्या अशाच लिहिल्या होत्या. परत येण्याविषयी मी विचारले.

“आता पुतण्याला सोडून कसा येऊ, साहेब?” ते म्हणाले. “पण नव्या मुलीला पत्र दिलंत ना?”

“दिलं,” मी म्हणालो.

“मग झालं तर.”

नवी मुलगी त्या टेबलाशी आता रुळली आहे. ओंकारेश्वरच्या बसचे काही अडले की ती त्यांनाच टेलिफोन करते. पगार महिन्याच्या एक तारखेला होतो. ती तारीख तिच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेली आहे.