डायमलर एजी वि. बाउमन

डायमलर एजी वि. बाउमन हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जानेवारी २०१४ रोजी दिलेला निवाडा आहे. प्रतिवादीवर वैयक्तिक अधिकारिता नसलेल्या न्यायालयात दिवाणी दावा चालू शकत नाही, या तत्त्वाच्या विकासात तो महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

१९७६ ते १९८३ या काळात अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. त्या काळात मर्सिडीज-बेंझ अर्जेंटिना या कंपनीने सुरक्षा दलांशी संगनमत करून आपल्या कामगारांचे अपहरण, छळ व हत्या घडवून आणल्या, असा आरोप होता. अर्जेंटिनातील २२ रहिवाशांनी २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयात या कंपनीच्या जर्मन पालक कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. वादींमध्ये पीडित कामगार तसेच मृतांचे नातेवाईक होते. पालक कंपनीची अमेरिकी उपकंपनी कॅलिफोर्नियात मोटारी विकत असल्याने तेथे दावा चालवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

कायदेशीर प्रश्न

वैयक्तिक अधिकारिता दोन प्रकारची असते. दाव्याचे कारण त्या राज्यातील प्रतिवादीच्या व्यवहारातून उद्भवले असल्यास ती 'विशिष्ट' ठरते. 'सर्वसाधारण' अधिकारितेत कोठेही घडलेल्या घटनेबद्दल दावा लावता येतो. येथे घटना अर्जेंटिनातील असल्याने वादींची भिस्त दुसऱ्या प्रकारावर होती.

निवाडा

जिल्हा न्यायालयाने अधिकारितेच्या अभावी दावा फेटाळला. नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने आधी हा निर्णय कायम केला, परंतु फेरसुनावणीनंतर तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, एखाद्या राज्यात मोठा व्यापार असणे सर्वसाधारण अधिकारितेस पुरेसे नाही; कंपनी तेथे जणू स्वगृही असावी लागते. सामान्यतः कंपनीची नोंदणी जेथे झाली आणि तिचे प्रमुख कार्यस्थान जेथे आहे, तीच अशी ठिकाणे होत. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी निष्कर्षाशी सहमती दर्शवली, परंतु या कारणमीमांसेस स्वतंत्र मतपत्रात विरोध केला. बहुराष्ट्रीय कंपन्यांना यामुळे लहान व्यावसायिकांपेक्षा अधिक संरक्षण मिळेल, असा त्यांचा आक्षेप होता.

परिणाम

अधिकारितेच्या अभावी दावा फेटाळला जाणे म्हणजे प्रतिवादी निर्दोष ठरणे नव्हे. या प्रकरणात आरोपांच्या सत्यासत्यतेवर कोणताही निष्कर्ष नोंदवला गेला नाही. तत्त्वतः असा दावा सक्षम न्यायालयात पुन्हा दाखल करता येतो. मात्र मुदतीचा कायदा, खर्च आणि काळाच्या ओघात दुर्मीळ होणारे पुरावे यांमुळे वादींना ते कठीण जाऊ शकते. या निवाड्यानंतर परदेशी कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत सर्वसाधारण अधिकारितेच्या आधारे दावे चालवण्याची शक्यता बरीच कमी झाली.