छायाचित्रात काय नको?

हिंगणी (जि. वर्धा) : बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या या परिसरात हौशी छायाचित्रकार झाडे, डोंगर, मित्रमंडळी असे सारेच एका चौकटीत कोंबतात; नजर कुठेच स्थिरावत नाही. मोजक्या घटकांतून आशय उभा करणाऱ्या शैलीस ‘मिनिमलिझम’ म्हणतात.

तिचा जुना धडा याच जिल्ह्यातील सेवाग्रामात सापडतो. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे पुत्र कनू गांधी यांना आश्रमात छायाचित्रणाची परवानगी मिळाली, ती तीन अटींवर. फ्लॅश नाही, बापूंना पोझ देण्यास सांगायचे नाही आणि आश्रम खर्च देणार नाही! घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. त्याच्या एका रोलवर जेमतेम 12 चित्रे. उपलब्ध प्रकाशासाठी थांबणे आणि नको ते सोडणे भागच होते.

नवशिक्यांनी नांगरलेल्या काळ्या वावरातील एकटा पळस निवडावा. विजेच्या तारा, बांध चौकटीबाहेर जाईपर्यंत स्वतः सरकावे. खाली बसल्यास मागे केवळ आकाश उरते. मात्र नुसती रिकामी जागा म्हणजे मिनिमलिझम नव्हे. तिने नजर झाडाकडे नेली पाहिजे. मोबाईलमध्ये हजारो चित्रे मावतात, तरी दिवसाला 12च टिपण्याचे बंधन महिनाभर पाळून पाहावे.